पेटीवरचं स्टिकर

बाबा,

'तीर्थरूप' लिहायला आज हात धजत नाही.

इमारतीमागे मोठा कचरा ठेवतात, तिथे माझी हार्मोनियम सापडली. तिच्यावरच्या महापालिकेच्या स्टिकरवर तुमचं नाव होतं. इथे मोठी वस्तू टाकायची नोंदणी बरेच दिवस आधी करावी लागते, मग हे स्टिकर लावतात. म्हणजे परवा गणपतीत माझ्या वादनाला उभं राहून टाळ्या वाजवल्यात, तेव्हा तुम्ही नोंदणी करून बसला होतात!

"शेजारी तक्रार करतात," म्हणालात. कुठले शेजारी? खालच्या मजल्यावरच्या जपानी मोरीआजींनीच पेटीचं दुसरं टोक उचललं. म्हणाल्या, "आमच्याकडे ठेव. मंगळवारी आम्ही म्हाताऱ्या तीन तारांचं शामिसेन वाजवतो. तूही ये, जेवूनच जा."

हे पत्र तुम्हाला देणार नाही. सूर मात्र वर येतील. तेव्हा खुशाल तक्रार करा. आता शेजारी तुम्ही आहात.

अनघा