पठारावरचा पाव्हणा

राजापेठ, अमरावती
३ सप्टेंबर २०२५

ती. माणिकआत्या,

साष्टांग नमस्कार. तब्येत ठीक असेल, आणि अकोल्यात सुनेच्या भाकरीला नावं ठेवणं चालूच असेल. फोनवर तो जुना विषय निघाला की तू फोन ठेवतेस, म्हणून पत्र. ते तू फाडण्याआधी वाचतेसच!

आत्या, विमान सापडलं! दुसऱ्या महायुद्धातलं! चिखलदऱ्याच्या पुढे, पठारावरच्या कोरकू गावात मी आणि तुझा लाडका भाचा अंकुर जाऊन आलो. पंखाचा पत्रा अजून एका गोठ्यावर आहे, खाली गाय निवांत रवंथ करते. मी पन्नाशीची बाई तिथे टाळ्या पिटत होते. अंकुरला लाज वाटली.

तिथल्या म्हाताऱ्या सोमा कासदेकरांनी वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं. "धुक्यात कड्यावर आपटलं. तीन गोरे मेले, त्यायले मिलिटरीवाले घेऊन गेले. चौथा मांगून दरीत सापडला. आपल्याकडचा होता. कोनी पुसाले आलं नाई, मंग माह्या बापानंच त्याले माती देल्ली."

मेलेल्याचा जीव भटकू नये म्हणून कोरकू सागाची कोरीव फळी उभारतात, मुंडा. घरच्यांनी करायचं काम, पण सोमाजींच्या वडिलांनी ते या परक्यासाठी केलं. फळीवर सूर्य, चंद्र आणि एक माणूस. त्याच्या उजव्या हाताला सहा बोटं.

"कोरताना चुकलं का?" मी विचारलं. म्हातारा भडकला. "बापानं पायलं तसंच कोरलं!"

आत्या, तुझ्या उजव्या हाताचं सहावं बोट बापाचं, असं सारं वलगाव म्हणायचं ना?

तुझा बाप, माझा आजोबा, विमानांच्या फौजेतला मिस्त्री. तुझ्या बारशाला येतो म्हणून कळवलं आणि आला नाही. कलकत्त्यात दुसरं घर केलं, असं गाव बोललं. आजीने कुंकू पुसलं नाही, तू त्याचं नाव टाकलंस. पितृपक्षात घास ठेवू म्हटलं की तुझं ठरलेलं, "जित्या मानसाले घास नाई ठेवत." अगं, जिता असता तर शंभरी ओलांडली असती!

तो पळाला नव्हता गं. तुझ्याकडेच येत होता. लिहितानाही रडू येतंय आणि आनंदही मावत नाही.

निघताना सोमाजींनी विचारलं, "नाव काय होतं त्याचं? आमी दरसाल नुसतं पाव्हणा म्हनून बोलावतो." माझ्या ओठांवर आलं होतं. सांगितलं नाही. तो मान लेकीचा.

पुढच्या रविवारी अंकुर गाडी घेऊन येतोय. पितृपक्ष चालू असेल. घासाचं पान तुझ्या हातचं, नावही तुझ्याच तोंडून.

तुझी, आणि खुशालआजोबांची,
आरती