जेवणानंतरचा अध्याय

११ जानेवारी

नाही जमलं! सकाळी सगळ्यांनी मिळून बायबल वाचायचं असं मीच ठरवलं आणि माझाच डबा भरायचा राहिला. ठकी एका पायात मोजा घालून टेबलाशी आली. थोरली बाथरूममधून बाहेरच येईना. सासूबाई तेवढ्या वेळेवर – चष्मा लावून, पान उघडून, हात जोडून. चार ओळी झाल्या नसतील, खाली शाळेची बस हॉर्न मारायला लागली. ठकी 'आमेन, आमेन' करत जिना उतरली.

ही, पोरींची आई, होती तेव्हा एकटीच वाचायची. खिडकीजवळ, चहा गार होईपर्यंत. आम्ही कुणी कधी शेजारी जाऊन बसलो नाही. दवाखान्यात शेवटी शेवटी म्हणाली, "मी नसले की सगळे मिळून वाचत जा." मी हो म्हटलं. तेव्हा कशालाही हो म्हटलं असतं.

१३ जानेवारी

सकाळ रद्द. आता रात्री, जेवणाची ताटं उचलली की लगेच. पाळ्या लावल्या – मी, सासूबाई, थोरली. ठकी म्हणते, "माझी पण!" तिला अजून जोडाक्षरं अडतात. बघू.

१७ जानेवारी

सासूबाई वाचता वाचताच पेंगल्या. कुणी उठवलं नाही.

२२ जानेवारी

आज वंशावळ आली. अमक्याला तमका झाला, तमक्याला आणखी कोणी – पानभर तेच. ठकीला हसू आवरेना. एकेक नाव वाकडंतिकडं करून म्हणत होती. मीही हसलो – कितीतरी दिवसांनी! मग तिने विचारलं, "बाबा, यांच्यातल्या कुणालाच आई नव्हती?"

थोरली उठून आत गेली. सासूबाईंनी ठकीला मांडीवर ओढून घेतलं. मी पुढची नावं वाचत राहिलो. थांबलो असतो तर धडगत नव्हती.

२९ जानेवारी

दुकानात दिवस वाईट गेला. आरशाची मोठी काच कापताना रेघ चुकली, काच मधोमध तडकली. मालकांनी हळूच दुसरी काच काढून दिली. ही गेल्यापासून तिथे सगळे माझ्याशी दबक्या आवाजात बोलतात, जसा काही मीच तडकेन.

घरी थोरलीची पाळी. तिने पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

"मी नाही वाचणार."

"का?"

"आई रोज वाचायची. काय झालं वाचून?"

मी ओरडलो. काय काय बोललो ते धड आठवत नाही. "तिची तरी आठवण ठेव" असं म्हणालो, एवढं आठवतंय. कुणाला सांगत होतो मी हे! त्या पोरीला! ठकी टेबलाखाली जाऊन बसली.

सासूबाई म्हणाल्या, "ओरडू नका हो. तिने काही वावगं नाही विचारलं. मी पण रोज हेच विचारते."

त्यांची मुलगी गेलीय. माझ्या लक्षातच राहत नाही ते.

३१ जानेवारी

कालही वाचन नाही, आजही नाही. हात धुतले, चपला घातल्या, खाली उतरलो. वाचन सुरू करायच्या आधी रोज हेच करायचो. कोपऱ्यावर दुकानं बंद झाली की त्यांच्या पायरीवर बसायचं. काही करायचं नाही. घरात चार माणसांच्या टेबलाला पाच खुर्च्या आहेत, तिथे बसवत नाही.

२ फेब्रुवारी

चर्चचे पाळकसाहेब येऊन गेले. भला माणूस. "सवय लागायला वेळ लागतो, चिकाटी सोडू नका," म्हणाले. मी मान डोलावली. तेवढं येतं मला.

३ फेब्रुवारी

जेवण झालं, मी चपला शोधत होतो. थोरली म्हणाली, "बाबा, बसा. मी वाचते."

पान तिनेच काढून ठेवलं होतं. एक स्तोत्र. कुणीतरी देवाशी भांडतोय, आणि शेवटपर्यंत त्याची समजूत पटतच नाही. तसंच संपतं! मला वाटलं, पुढचं पान राहिलं असेल. वाचून झाल्यावर तिने बोट तिथेच ठेवलं. मग म्हणाली, "आजी, देवाला असं बोललेलं चालतं?"

"चालतं म्हणून तर छापलंय!"

थोरलीने तेच परत वाचलं. या वेळी सावकाश. आवाज अगदी तिच्या आईचा – हे मला आजवर कसं कळलं नाही? मी मिठाच्या बरणीकडे बघत बसलो.

१२ फेब्रुवारी

जमतंय. लागली म्हणायची सवय. ठकीने आज स्वतः ओळभर वाचलं. जोडाक्षर आलं की माझं बोट घट्ट धरते, पार पडलं की सोडते. थोरली शाळेतून आली की आधी पान बघून ठेवते. सासूबाईंची झोप उडालीय. मध्येच थांबवून वाद घालतात – "हे काही मला पटलं नाही बाई!" ही असती तर किती हसली असती.

सगळं तिला हवं होतं तसं चाललंय. मग मीच का पाहुण्यासारखा बसतो?

१९ फेब्रुवारी

लिहूनच टाकतो. इथे कोण बघतंय!

प्रार्थनेला डोळे मिटले की समोर कुणी नसतं. पूर्वी असायचं. काय असायचं ते सांगता यायचं नाही, पण कुणीतरी ऐकतंय असं वाटायचं. आता सामान हलवलेल्या खोलीत घुमतो तसा माझाच आवाज घुमतो. शब्द नीट उच्चारतो, थांबायचं तिथे थांबतो, आमेन म्हणतो. आत ठणठणाट. मुलींसमोर हे सोंग किती दिवस करू? हिच्या वेळी दवाखान्याच्या जिन्यात जे मागायचं होतं ते सगळं मागून झालं. त्यानंतर मागायला तोंडच उघडत नाही.

२३ फेब्रुवारी

माझी पाळी होती. घसा बसलाय म्हटलं. ठकीने लगेच गरम पाणी आणून दिलं. ते प्यायलो. आणखी लाज वाटली.

२७ फेब्रुवारी

भांडी पुसताना थोरलीला सांगून टाकलं. माझा विश्वास उरला नाही. तुमच्यात बसून खोटं वागणं आता होत नाही. उद्यापासून तुम्ही तिघी वाचा.

ती ताट पुसतच राहिली. "माहीत आहे, बाबा. आजीलाही माहीत आहे."

"मग?"

"माझंही अजून नक्की नाही. पण वाचायचं म्हटलं की तुम्ही चपला घालत नाही. म्हणून आम्ही वाचतो."