एकटेपणाच्या परीक्षेत दहापैकी दहा

तीर्थरूप दाजींना,

धाकट्या मेव्हण्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो कागदावरच मान्य करून घ्यावा.) ताई गेल्यापासून तुमच्या तब्येतीची नीट खबर देणारं कुणी उरलं नाही. फोनवर तुम्ही एकच शब्द बोलता, ‘उत्तम’. रक्तदाब कसा आहे, कानातल्या यंत्राची शिट्टी थांबली का, रात्री झोप लागते का, ते सविस्तर कळवावं. माझ्या रक्तदाबाचं विचारू नका. डॉक्टरनं पट्टा बांधला, काटा बघितला आणि विचारलं, कुणाशी भांडून आलात का? म्हटलं, नाही, आता चाललोय.

तुम्ही पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत लोकांच्या अर्जांवर शेरे मारलेत, म्हणून हे तुम्हालाच लिहितोय. या रागाची जात तुम्हाला ओळखता येईल. कदाचित तुमच्यामुळेच कुणीतरी असं पत्र कधीतरी लिहिलं असेल.

धंदा मुलाच्या हाती दिल्यावर कपाटांचा जुना कारखाना रिकामा पडला. (शून्यातून उभा केला, असं लोक म्हणतात. शून्यातून नाही, मागून आणलेल्या वेल्डिंग मशीनमधून.) एके दिवशी माझा जुना फिटर सहज भेटायला आला. गप्पांच्या ओघात त्यानं बशीतली आठ बिस्किटं संपवली आणि नववं खिशात टाकलं. मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होतो, असं मी त्याला वाटू दिलं. दुसऱ्या दिवशी तिथे शेगडी आणली. न खपलेल्या कपाटांची पाच दारं जोडून लांबलचक टेबल केलं. हँडल काढायची राहून गेली, त्यामुळे ताटांच्या मधे मधे हँडल आहेत आणि म्हातारी मंडळी ती धरून उठतात. बघायला येणाऱ्यांना वाटतं मी मुद्दाम ठेवलीत. मीही तसंच सांगतो. आज तिथे बाराच्या ठोक्याला एकोणचाळीस माणसं बसतात, माझ्यासकट. भात, डाळ, एक भाजी, आणि वर दोन तास भांडण. भांडणाला स्वयंपाकीणबाई वेगळे पैसे घेत नाही.

पण मुलगा म्हणाला, बाबा, वर्षअखेरपर्यंत तुमच्या हौशीनं चालवा, त्यानंतर शेड गोदामाला जाईल. पोरगा वाईट नाही. माझ्यावरच गेलाय, हीच अडचण आहे. तेव्हा बाहेरून पैसा आणायचं ठरलं. म्हाताऱ्यांचं पोट आणि म्हाताऱ्यांच्या गाठीभेटी या दोन्हींसाठी अनुदान देणारी एक संस्था आहे, असं कळलं. मला वाटलं, आमच्यासाठीच जन्माला आली. बावीस पानी अर्ज होता. एका पानावर ‘उपक्रमाची दूरदृष्टी’ विचारली होती. मी लिहिलं, जेवण. खाली आठ ओळी मोकळ्या राहिल्या, म्हणून पुढे लिहिलं, उद्याचंही.

मग संस्थेच्या एक बाई पाहणीला आल्या. आम्ही त्यांना मोजणीबाई म्हणतो. बाई सालस होत्या, भाजी दोनदा मागून घेतली, त्यामुळे मी निर्धास्त झालो. जेवणानंतर त्यांनी प्रत्येकाला दहा प्रश्नांचा कागद वाटला. गेल्या महिन्यात घरात खायला नाही म्हणून उपाशी झोपलात का? आठवड्यातून किती दिवस एकट्यानं जेवता? मनातलं बोलायला कुणी आहे का? असले प्रश्न. चालकानं समोर थांबायचं नाही, असा नियम, म्हणून मी माझा कागद भरून दिला आणि बाहेर गेलो. दाजी, पत्र्याच्या भिंतीला टेकून उभं राहायचं नाही, असा नियम मात्र नव्हता.

आणि या कानांनी जे ऐकलं, पत्र्याच्या फटीतून जे दिसलं, ते ऐका. आमच्या टेबलाच्या टोकाला एक निवृत्त शाळामास्तरीण बसतात. सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात आणि घाबरतात. बाईंनी कागद सर्वांत आधी संपवला. त्याबरोबर आमच्या लोकांना साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची सवय आठवली. सगळे त्यांच्या कागदात डोकावायला लागले. शिंपीदादा फिटरला म्हणतो, “पहिल्याला काय लिहिलंस?” फिटर म्हणतो, “कधीच नाही.” “अरे, परवा तर मला म्हणालास, दोन दिवस नुसता चहा होता.” “ते तुला म्हणालो. कागदाला कशाला सांगू? पोरीचं नाव खराब होईल.” या पोरीचा फोन वर्षभरात आलेला नाही. तिसऱ्या प्रश्नापुढे त्यानं लिहिलं, रोज बोलते. शेवटी बाईंनी सगळे कागद गोळा केले, चष्मा वर-खाली करून तपासले, दोघांच्या चुका त्यांच्याकडूनच खोडून घेतल्या आणि गठ्ठा मोजणीबाईंच्या हातात दिला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. पहिला शब्द ‘अभिनंदन’. आपले लाभार्थी आजवर पाहिलेल्या कुठल्याही गटापेक्षा समाधानी, भरल्या पोटाचे आणि माणसांत रमलेले आढळले. सबब गरज सिद्ध होत नाही, अर्ज नामंजूर. सोबत विनंती, की आमच्या टेबलाचा फोटो त्यांच्या पुस्तिकेत छापायला मिळावा.

मी तडक त्यांच्या कचेरीत गेलो. भिंतीवर हसणाऱ्या म्हाताऱ्यांचं मोठं चित्र. (सगळ्यांचे दात स्वतःचे. असले म्हातारे कुठे मिळतात कोण जाणे.) साहेब शांतपणे म्हणाले, तुमची माणसं एकटी दिसत नाहीत. मी म्हटलं, बारा ते दोन नाहीतच, तेवढ्यासाठीच तर चूल पेटते. उरलेल्या बावीस तासांचं विचारा. ते म्हणाले, तसा रकाना नाही. पुढे त्यांनीच तोड काढली. जेवण एका खात्यात आणि गाठीभेटी दुसऱ्या खात्यात बसतात, तेव्हा डबे घरोघरी पोचवा आणि दर बुधवारी सगळ्यांना एकत्र बसवा, पण उपाशी, म्हणजे खाती एकमेकांत मिसळणार नाहीत. दाजी, आयुष्यात मी गिऱ्हाइकावर हात उचललेला नाही. हा गिऱ्हाईक नव्हता, तरी हात खिशात घातले. निघताना त्यांनी एवढीच सवलत दिली, की महिन्याच्या आत फेरअर्ज करा, नव्यानं कागद भरून द्या. आणि लाभार्थी किमान चाळीस लागतील, नियम बदललाय.

तो सगळा राग मी घरी आणला असता तर बरं झालं असतं. तो टेबलावर आणला. भर जेवणात उभा राहून बोललो, की तुमच्या खोट्या मानापायी हे ताट जाणार आहे, पुन्हा कागद येतील, मुकाट्यानं खरं लिहा. बोलून गेलो आणि चमचे थांबलेले ऐकू आले. फिटर हळूच म्हणाला, “शेठ, कपाट विकताना आत काय ठेवणार, असं तुम्ही गिऱ्हाइकाला कधी विचारलं नाहीत.” मग बाई बोलल्या. “तुमचाही कागद मी तपासला होता. रोज कुटुंबासोबत जेवतो, असं लिहिलंत. तुम्हालाही दहापैकी दहाच होते.”

आता तुम्हीच सांगा, मी काय लिहायला हवं होतं? रात्री आठला माझं ताट झाकून ठेवलेलं असतं, सुनेला कामावरून यायला नऊ होतात, मुलगा फोन कानाला लावून उभ्यानं खातो, हे मी संस्थेला कशाला सांगू? माझ्या घरातल्या माणसांची तक्रार मी बावीस पानी अर्जाला जोडून द्यायची? मी खाली बसलो. एकानं ताट माझ्याकडे सरकवलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी चौदाच माणसं आली. तिसऱ्या दिवशी अकरा. फिटर आला नाही. भातानं भरलेलं पातेलं बघून माझाच मला एवढा राग आला, की संस्थेवरचा राग त्यापुढे फिका पडला. मी घरोघर गेलो. दारं उघडली, चहा झाला, प्रत्येकाची तब्येत जरा बरी नव्हती. फिटर म्हणाला, तुमच्यावर राग नाही हो, पण आता तिथं बसलो की सगळ्यांना कळेल, हा का येतो ते.

सोडवलं बाईंनी. चौथ्या दिवशी त्या स्वतःच कोरे कागद घेऊन माझ्या दारात. म्हणाल्या, सगळ्यांना बोलवा, मी म्हणते म्हणून सांगा. बाईंचं बोलावणं कोण मोडणार? सगळे आले. बाईंनी टेबलाच्या टोकाला उभं राहून आपला कागद मोठ्यानं वाचला, शाळेत हजेरी घेतात त्याच आवाजात. उपाशी झोपलात का? होय, चार वेळा. एकट्यानं जेवता का? इथे जेवत नाही तेव्हा रोज. मनातलं बोलायला कुणी? नाही. मग कागद टेबलाच्या मधोमध ठेवला आणि म्हणाल्या, “उतरवून घ्या.”

दाजी, पत्र्याच्या शेडमध्ये पेनांचा आवाज असतो, हे मला ठाऊक नव्हतं. फिटरनं तर बाईंच्या कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

तब्येतीला जपा. राग आता बराचसा उतरलाय, डॉक्टरला तसं कळवतो.

तुमचा मेव्हणा

ता. क. – लाभार्थी चाळीस लागतात, आम्ही एकोणचाळीस आहोत. कारखान्यावरची खोली धुऊन ठेवलीय, जिन्याला कठडा लावलाय. अर्जावरचा शेरा कुठल्या कारणानं फिरतो, हे तुमच्याएवढं कुणाला कळतं, म्हणून तुम्हाला राहायला बोलावतोय, असं मी मुलाला सांगितलंय. तुम्हीही तुमच्या शेजाऱ्यांना तेच सांगा.

ता. क. २ – गेल्या रविवारी एक वाजता मी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, जेवायलाच बसलोय. माझे कान तुम्हाला माहीत आहेत. ताटाचा आवाज नव्हता. नळ तेवढा गळत होता.

ता. क. ३ – फेरअर्ज कालच दिला, चाळीस कागदांसह. चाळिसावा तुमच्या नावानं मी भरलाय, कुणाकडे न बघता. सहीची जागा मोकळी आहे. मोजणीबाई सोमवारी सह्या तपासायला येणार आहेत. एखादं उत्तर चुकलं असेल तर येऊन स्वतःच्या हातानं खोडा. पानं बाराला वाढतात.