स्वरांचा हात

४ मार्च, सोमवार

डॉक्टर म्हणाला, महिनाभर टायपिंग बंद. आणि खायचं काय? — हे मनातल्या मनात. तोंडाने म्हटलं, "बरं."

उजवं मनगट. अंगठ्याच्या मुळाशी सूज. हात उलटासुलटा करत त्याने विचारलं, काम काय करता? म्हटलं, कादंबरी लिहिते, मोबाइलवर रोज एक प्रकरण येतं तसली. "अहो, माझी बायको तसलंच वाचते!" कोणती, तर 'मीठकोठीची राणी'. आमचीच! बायकोला म्हणे वाटतं, 'पांढरं बदक' या नावाने कुणी पंचविशीतला पोरगा लिहितो. मी हसून हात पुढे केला. पट्टा बांधून घेतला.

बदक म्हणजे मी आणि माझी मैत्रीण उनसिल ताई, भाड्याच्या एकाच खोलीत बसून लिहितो, दोघी मिळून. भांडणं माझी, प्रेम तिचं. राणी सासूला टाकून बोलते ते मी लिहिते. विहिरीपाशी थांबून मागे वळून बघते ते ताई.

संध्याकाळी किमचीच्या बरणीचं झाकण उघडेना. मुनचॉलने काही न बोलता उघडून दिलं. नवऱ्याचं हे मला आवडतं — करतो, बोलून दाखवत नाही.

५ मार्च

आज राणी सासूशी भांडली नाही. हातच उठेना.

७ मार्च, गुरुवार

ताईने निकाल दिला — दोष हाताचा नाही, कीबोर्डचा. "कॉम्प्युटरबरोबर फुकट आलेली ती चपाट पट्टी! त्यावर इतकी वर्षं बडवतेस. जमिनीवर बोटं आपटल्यासारखं होतं ते." शनिवारी योंगसानच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायचं. तिथे म्हणे अशी दुकानं आहेत की दिवसभर बसून टाइप करून बघा, कुणी उठवत नाही.

मुनचॉलला सांगितलं. वाटलं म्हणेल, आहे तो काय वाईट आहे? तर म्हणाला, "मीही येतो. चांगलाच घे. एकदाच काय तो घे."

पेन धरलं की एवढं दुखत नाही. म्हणून ही वही तरी चालू आहे.

९ मार्च, शनिवार

काय दिवस गेला!

दुकान तिसऱ्या मजल्यावर. भिंतीभर कीबोर्ड. आत वीसेक माणसं, कुणी कुणाशी बोलत नाही, सगळी डोळे मिटून टाइप करतायत. देवळात शिरल्यासारखं वाटलं. दुकानदार चुन, पोट सुटलेला, बोलका. म्हणाला, "वहिनी, आधी काय लिहिता ते सांगा."

"भांडणं," ताई मधेच म्हणाली.

"मग कट्कट् वाजणारा घ्या!"

दिला एक. प्रत्येक कळ दाबली की कट्! मला इतका आवडला की एक अख्खं भांडण तिथल्या तिथे लिहून काढलं. ताईने कान झाकले. "हा घेतलास तर मी दुसरी खोली बघते बाई." सगळे हसले.

मग दुसरा — लोण्यासारखा. बोट खाली जातं, अडत नाही, कळतच नाही अक्षर उमटलं की नाही. नको. मला कळायला हवं. तिसऱ्यात अर्ध्या वाटेवर बारीकसा उंचवटा लागतो, बोटाला आतून कुणीतरी हुं म्हटल्यासारखं. तिथेच अक्षर उमटतं. पार तळापर्यंत आपटायची गरजच नाही. चुन म्हणाला, मनगट वाचायचं तर हाच, आणि स्प्रिंग हलकी घ्या.

चांगला कसा ओळखायचा, तेही त्याने दाखवलं. उचलून पिळायचा — प्लास्टिकचा कुरकुरतो, धातूचा मूग गिळून बसतो. मोठी लांब कळ कडेला दाबायची — आत तार खडखडली तर उचलून परत ठेवायचा. कळांवरचं प्लास्टिक जाड हवं, नाहीतर वर्षभरात तेल लावल्यागत चमकायला लागतं. आणि कळेखालचा प्रत्येक स्विच चिमट्याने उपटून बदलता आला पाहिजे. एक बिघडला म्हणून अख्खा फेकायचा नाही.

शेवटी त्याने दोन तुकड्यांचा काढला. डाव्या हाताचा वेगळा, उजव्याचा वेगळा, मनगटं वाकडी न करता खांद्यांच्या रुंदीएवढे लांब ठेवायचे. ॲल्युमिनियमचा, हे धूड! ताई म्हणाली, "चोर आला तर त्याचं कंबरडं मोडेल."

आमच्या कोरियन लिपीची गंमत अशी की कीबोर्डवर व्यंजनं सगळी डावीकडे, स्वर सगळे उजवीकडे. माझे स्वर दुखतात! चुनला हे फार आवडलं. एकच स्वर मधोमध, दोन्ही हातांच्या हद्दीवर. तो मी उजव्या बोटाने मारत आले, या तुकड्यांत तो डावीकडे गेलाय. नेमका तोच — मेसेजमध्ये दोनदा लिहिला की रडके डोळे दिसतात तो. मी म्हटलं, "आता रडायचं डाव्या हाताने!" ताई हसून हसून खुर्चीतून पडायची राहिली. मुनचॉलही हसला.

निवड झाली. दोन तुकडे, धातू, उंचवट्याचे हलके स्विच.

खाली उतरून तिघांनी गार नूडल्स खाल्ल्या. ताईने तिच्यातलं अर्धं अंडं माझ्या वाडग्यात टाकलं. नेहमीसारखं.

१७ मार्च, रविवार

कीबोर्ड आला. मुनचॉलने सगळे स्विच उपटले, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि बारीक कुंचल्याने एकेकाला वंगण लावत बसला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत! मी म्हटलं, राहू दे ना, तसाच चालेल. म्हणाला, "आतली स्प्रिंग किणकिणते. तुला त्रास होईल." शाळेत आयुष्यभर पोरांना सरळ रेघा काढायला शिकवणारा माणूस — एक थेंब जास्त नाही, एक थेंब कमी नाही.

जोडून झाल्यावर मी दोन ओळी टाइप केल्या. बादुकच्या लाकडी पटावर दगडी सोंगटी टेकवल्यासारखा आवाज! डोळे भरून आले. तो बघत होता. काहीतरी बोलणार होता. मग उठून हात धुवायला गेला.

१९ मार्च

राणी सासूशी कडाडून भांडली. दुखलं, पण सोसवेल एवढंच.

२७ मार्च, बुधवार

ताई कामाच्या खोलीवर येत नाही. आधी सर्दी म्हणाली, मग बहिणीकडे गेले म्हणाली. खोलीत आमची टेबलं पाठीला पाठ लावून आहेत. ती नसली की माझ्या पाठीला गार लागतं. हिवाळा संपला तरी.

फोन केला तर "हं, हं" एवढंच. "ताई, रागावलीस का?" "मी कशाला रागावू?" म्हणजे रागावली आहे. कशावरून?

मुनचॉलला विचारलं. म्हणाला, "वय झालं की माणसं अशी होतात. तू फार मनाला लावून घेऊ नकोस."

२ एप्रिल, मंगळवार

 

कादंबरी चालवणाऱ्या कंपनीतून पांग मॅडमचा फोन. आमची प्रकरणं तीच बघते. आवाजात नको तेवढा लाडिकपणा. "तब्येतीला जपा हं. पुढचं पर्व उनसिल मॅडम एकट्या लिहितायत, तुम्ही अगदी निश्चिंत राहा."

म्हटलं, कोण एकट्या?

ती गडबडली. "म्हणजे... तुमच्याने आता लिहवत नाही ना? तुमच्या अगदी जवळच्यांकडूनच आम्हाला कळलं. तुम्हाला विचारून त्रास देऊ नका, असंही—"

मी फोन आपटला.

जवळच्यांकडून! माझ्या मनगटाला गरम पाण्याची पिशवी बांधणारी ती! माझ्याबरोबर दुकानात दिवसभर बसून कळा वाजवणारी ती! "मी दुसरी खोली बघते" — थट्टा कुठे होती ती? माझं दुखणं तिने नेऊन विकलं. मी बरी व्हायला लागले, तेवढ्यात.

३ एप्रिल, बुधवार

ती खोलीवरच सापडली. कुंड्या खोक्यात भरत होती. माझी चाहूल लागली तरी मान वर नाही.

"ताई, लाज नाही वाटली?"

ती ताडकन उभी राहिली. डोळे लाल. "मला? लाज मला? इतकी वर्षं पाठीला पाठ लावून बसलो हेसुक, तुला स्वतःच्या तोंडाने सांगता आलं नाही?"

उलट मलाच! माझा संताप संताप झाला. मी म्हटलं, तुझं प्रेम कुणी वाचत नाही, लोक माझ्या भांडणांसाठी येतात, एकटीने लिहून बघ, महिन्याभरात बदक मरेल. अजून बरंच म्हटलं. भांडणं लिहायचा इतका सराव, शब्द शोधावे लागले नाहीत. एकेक बरोब्बर वर्मावर बसला.

ती काही बोलू बघत होती. मी बोलू दिलं नाही.

शेवटी ती खोकं न उचलताच निघून गेली. कुंड्या तिथेच.

घरी आले तर मुनचॉलने त्वेनजांगचं, आंबवलेल्या सोयाबीनचं कालवण करून ठेवलं होतं. मी सगळं सांगितलं, रडले, नाक शिंकरलं. तो पाठीवरून हात फिरवत होता. "जाऊ दे. एका परीने बरंच झालं. खूप केलंस. आता समुद्रावर जाऊ या." कांगनुंगचं त्याचं जुनं स्वप्न. शाळा सोडायची, समुद्राकाठी घर घ्यायचं. दरवर्षी मी म्हणायचे — पुढल्या वर्षी.

या वेळी म्हटलं, जाऊ या.

७ एप्रिल

मुनचॉल नसता तर वेडीच झाले असते.

१२ एप्रिल, शुक्रवार

वाचायचं नाही ठरवलं होतं. वाचलं.

ताईचं एकटीचं पहिलं प्रकरण. सासू राणीला घालूनपाडून बोलते आणि राणी — गप्प. नुसती उभी. मग निघून जाते. भांडणच नाही! खाली वाचकांचा गोंधळ: "राणीची जीभ कुठे गेली?" "बदक आजारी आहे का?" "आज जेवणात मीठ नाही." मला इतका आनंद झाला की मोठ्याने हसले.

मग पुन्हा वाचलं. दारातून निघताना राणी एकदा मागे वळते. बोलायला तोंड उघडते, पण सासूने पाठ फिरवलेली असते.

फोन लांब ठेवून दिला. चिडून. भांडणाच्या दिवशी जाताना ताईही दार धरून उभी राहिली होती खरी. पण म्हणून काय झालं? केलं ते केलंच ना?

२० एप्रिल, शनिवार

कांगनुंगला घर बघून आलो. ठेंगणं, निळ्या छपराचं, मागे पर्सिमनचं झाड. मुनचॉल लहान मुलासारखा या खोलीतून त्या खोलीत. त्याला सगळं पाठ — मोरी कुठे गळते, कुठल्या खिडकीत सकाळी ऊन येतं. घरमालकीण म्हणाली, "साहेब थंडीत आले होते तेव्हा बर्फ होतं, आता बघा कसं दिसतंय!"

"तू थंडीत आला होतास?"

"शाळेच्या कामाला आलो होतो, तेव्हा उभ्या उभ्या बघून गेलो. तुला सांगितलं नाही? सांगितलं असेल."

समुद्राकडच्या खोलीत मी हात पसरून मोजलं. "माझं टेबल इथे. कीबोर्डचे दोन तुकडे नीट मावतील."

"इथे आपण लोणच्याच्या बरण्या ठेवू," तो म्हणाला. अगदी मायेने. "आता टेबल कशाला?"

"मी लिहिणं सोडलंय असं कधी म्हटलं?"

तो खिडकीच्या कड्या तपासायला लागला. गाडीत दोघंही फारसं बोललो नाही. दमला असेल.

२२ एप्रिल, सोमवार

कंपनीत गेले. बदकाच्या नावावरचा हक्क सोडायचा, त्यावर सही. पांग मॅडमने कॉफी आणली. सहज म्हणाली, "तुमचे यजमान किती हळवे हो! फेब्रुवारीत त्यांचा फोन आला तेव्हा मलाच रडू आलं. म्हणाले, तिला लिहिणं सोडायचंय पण बोलून दाखवणार नाही, मैत्रिणीला सांगायचं तर जिवावर येतं. मार्चमध्ये आम्ही सांगितलं तर उनसिल मॅडम ऐकायलाच तयार नव्हत्या. शेवटी तुमचे यजमानच दोनदा त्यांच्या घरी जाऊन बसले."

सही केली नाही.

घरी आले. दार उघडलं. "आलीस? झालं का काम?" आतून मुनचॉल. कालवणाचा वास. मी बूट काढलेच नाहीत.

हे उनसिल ताईच्या जिन्यात बसून लिहितेय. आतून तिच्या टायपिंगचा आवाज येतोय. मधेच थांबतो. बेल अजून दाबलेली नाही.