चालीवर बोलायचं गाणं

२ ऑक्टोबर
इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी पहाटेत यंदाही मला सोलो नाही. आमची सांस्कृतिक सेक्रेटरी वसुंधरा म्हणे, तू कोरसमध्ये छान दिसतेस गं. दिसते! गेल्या वर्षी एसीने तबला उतरला होता, मी नाही.
नवरा, प्रफुल्ल, वाळवंटापलीकडे पाच-सहा तासांवर दुक्मला रिफायनरीत, मी इथे मवालेहला. त्याची वाट बघण्यावर गाणं लिहिलंय, त्याच्यासाठी. ते त्याला स्टेजवरून ऐकवणार म्हणजे ऐकवणार.

५ ऑक्टोबर
ऑफिसातल्या डच मरायकेने तिच्या देशातल्या कॅबरेचे व्हिडिओ दाखवले. (आपण समजतो तसला नव्हे. अंगभर कपडे.) पियानोवर चाल सुरू, बाई शब्द नुसते बोलते. सूर लावतच नाही! अख्खा हॉल डोळे पुसतोय.
माझा आवाज याच जातीचा. उगाच इतकी वर्षं गात बसले.

९ ऑक्टोबर
वसुंधराला फोन. कॅबरे म्हटल्याबरोबर किंचाळली. मुलंबाळं असतात गं प्रोग्रामला! फोन आपटला. पुन्हा लावून ‘भावगीत, नव्या पद्धतीने’ असं सांगितलं. मिळाली जागा, देविकाच्या आधी. देविका म्हणजे मंडळाची लाडकी गायिका. माझ्यानंतर फिकी पडेल बिचारी.

१४ ऑक्टोबर
रिहर्सल. कीबोर्डवर साकिब. वाजवतो गोड, पण सारखा थांबून विचारतो, दीदी, गाना कब शुरू होगा? हेच गाणं, म्हटलं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच! ओरडलेच शेवटी. खलास दीदी (इथल्या अरबीत ‘बास, झालं’), म्हणाला, आप बोलिए, मैं बजाता रहूँगा. यांना कला कळणार कधी?

२४ ऑक्टोबर, दुपार
बोलले. एक शब्द चुकला नाही. वाट बघण्याच्या ओळीला थेट प्रफुल्लकडे बघितलं. चाल संपली, मी वाकले. एक टाळी नाही. सगळे सरसावून बसलेले, आता गाणं येणार म्हणून. तेवढ्यात देविका आली, गायली, आणि टाळ्यांचा कडकडाट.
विंगेत वसुंधराने मिठी मारली. देविकाच्या गाण्याआधी निवेदन काय सुंदर केलंस गं! पुढच्या वर्षीपासून तूच कर.
निवेदन!!
गाडीत प्रफुल्ल माझ्याहून तापलेला. दुक्महून एवढं ड्राइव्ह करून आलो ते तुझ्या गाण्यासाठी, आणि यांनी तेच वगळलं? नुसती अनाउन्समेंट करायला लावली? थांब, त्या वसुंधराला आत्ता फोन लावतो.
मी त्याचा फोन उचलून माझ्या पर्समध्ये टाकला.
मग म्हटलं, वेळ कमी पडला त्यांना. राहू दे फोन.
घर येईपर्यंत दोघांनी मिळून मंडळाला मनसोक्त शिव्या घातल्या.