चिठ्ठीशिवाय

३ मार्च
लेक परवा प्रवासाहून परतली, पाठोपाठ ताप. बॅग अजून दारातच! तीन आठवडे मिळेल तिथलं पाणी प्यायली म्हणे. दुकानातून अँटिबायोटिकची पट्टी आणली. बावीस वर्षं औषधांचं दुकान चालवतेय, टायफॉइडला काय लागतं एवढं कळतं मला.
"आई, डॉक्टरांकडे जाऊ या ना." म्हटलं, ते तरी काय वेगळं देणार आहेत!

७ मार्च
चार दिवस गोळ्या झाल्या. ताप १०३. शेवटी हॉस्पिटलात दाखल केलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधी कुठली अँटिबायोटिक दिलीत का?" माझ्या तोंडून पटकन गेलं— "नाही." लेक शेजारीच पडून ऐकत होती.
चिठ्ठीशिवाय औषध मिळणार नाही, ही पाटी माझ्याच काउंटरवर. लायसन्स गेलं तर खायचं काय?

९ मार्च
ताप तसाच.

१० मार्च
रक्ताच्या तपासणीत जंतू उगवलेच नाहीत. "टायफॉइड दिसत नाही, दुसरं काही आहे का बघू," म्हणाल्या. का उगवले नाहीत ते मला ठाऊक आहे— गोळ्यांनी ते दबले, मेले नाहीत. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली मी! दोनदा केबिनच्या दारापर्यंत गेले, दोनदा मागे फिरले.

११ मार्च
सकाळी लेक बरळायला लागली. मला मावशी म्हणाली. तशीच केबिनमध्ये घुसले आणि सगळं सांगून टाकलं. बाई रागावल्या नाहीत. कुठली गोळी, किती, कधीपासून— लिहून घेतलं. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.
मग कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढली. गोळ्या घेतल्या तरी तिथे जंतू सापडतात म्हणे. पोरीने माझा हात एवढा आवळला की बोटं सुन्न झाली. माझ्यामुळे भोगतेय ती हे. रिपोर्टची वाट न बघता औषधही बदललं.

१४ मार्च
सापडला. टायफॉइडच, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. प्रवासाहून येणाऱ्यांत हल्ली दिसतो म्हणतात. माझ्या पट्टीने तो नुसता दबला, मरणार नव्हताच.

१७ मार्च
९९! दोन घास खाल्ले, वर माझ्या केसांना नावं ठेवली. जिवात जीव आला.

१८ मार्च
बाईंचे आभार मानायला गेले. म्हणाल्या, "तुम्ही येऊन सांगितलंत म्हणून निभावलं. मुलीला मी तुमच्यामागे तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा म्हणाली, आईने मला काहीच दिलं नाही."