अडतीस इंची झाड

२ नोव्हेंबर, सकाळ
रात्रीच्या वादळात परसातलं झाड आडवं झालं. घर वाचलं, कुंपण वाचलं, फक्त कपडे वाळत घालायची तार गेली. ही तारेसाठी हळहळत बसली. मला मात्र त्या पडलेल्या झाडात संधी दिसली. हिवाळाभराचं जळण आपण होऊन दारात आलंय. यंदा लाकूड विकत आणायचं नाही. मी स्वतः कापणार. तसं नाश्त्याच्या वेळी जाहीर केलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

महिनाअखेर सासूबाई येताहेत. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी थंडीपासून जपायला सांगितलंय. बाहेरच्या खोलीत धुराडं असलेली लोखंडी शेगडी आहे, तिच्याजवळ त्यांचा पलंग लावायचा. मी फोनवर शब्द दिला की खोली इतकी उबदार ठेवीन की शाल लागणार नाही. त्या म्हणाल्या, बघू. लग्न ठरलं तेव्हाही माझ्याबद्दल त्या एवढंच म्हणाल्या होत्या.

दुपार
साडूंचा फोन. बातम्या यांना कुठून लागतात देव जाणे. त्यांच्याकडे चौदा इंची चेनसॉ आहे, रविवारी येऊन झाड कापून देतो म्हणाले. नम्रपणे नकार दिला. चौदा इंचांत काय होतं? पेन्सिलीला टोक करायला ठीक आहे.

३ नोव्हेंबर
संशोधन पूर्ण. चेनसॉ घेताना पात्याची लांबी महत्त्वाची. नियम सोपा आहे. लाकडाची जेवढी जाडी, त्याहून पातं दोन इंच जास्त हवं. लोक मोजमाप न करता मशीन उचलतात आणि मग फसतात. आपलं तसं नाही. आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली आहे.

ही घरी शिवणकाम करते. हिची टेप घेतली, बुंध्याभोवती गुंडाळली. अडतीस इंच. अधिक दोन, चाळीस. चहा देता देता ही म्हणाली की तिच्या एका गिऱ्हाइकाची कंबरही अडतीसच भरते, पण ती बाई अजून कुठल्या दारात अडकलेली नाही. काय संबंध? हिला प्रत्येक विषय कपड्यांवर नेऊन ठेवायची सवय आहे. ऐकून घेतलं.

५ नोव्हेंबर
हार्डवेअरच्या दुकानात गेलो. मालक माझा जुना विद्यार्थी. शेवटच्या बाकावरचा, पण आता दुकान बरं चालवतो. चाळीस म्हटल्यावर त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या दंडांकडे. झाड केवढं, विचारलं. अडतीस, म्हटलं. त्याने तोंड उघडलं आणि परत मिटलं. माझ्या वर्गात मध्येच शंका काढायची पद्धत नव्हती. ती शिस्त अजून टिकून आहे हे पाहून ऊर भरून आला.

चाळीस मिळत नाही. छत्तीस मागवावं लागेल, आणि ते जंगलातले ठेकेदार नेतात म्हणाला. मग मलाच का नको? चार इंचांची तडजोड केली. उरलेला भाग दुसऱ्या बाजूने कापता येईल. माणसाने लवचीक असावं.

८ नोव्हेंबर
मशीन यायला वेळ आहे. तोवर फिटनेस. उद्यापासून पहाटे जोर-बैठका.

९ नोव्हेंबर
पहाटे फार थंडी होती. जोर-बैठका संध्याकाळी.

संध्याकाळी आठवलं की व्यायाम उपाशीपोटी करायचा असतो. जेवणं झाली होती.

ही म्हणते, वखारीतून थोडं वाळलेलं लाकूड आणून ठेवू. ताजं झाड लगेच जळत नाही, वर्षभर वाळावं लागतं, असं हिचं मत. कुठे वाचलंस, विचारलं. वाचलं नाही, म्हणाली. मग विषयच संपला.

१४ नोव्हेंबर
मशीन आलं. टेम्पोवाल्याने ते एकट्याने फाटकाशी ठेवलं. फाटकापासून परसापर्यंत मी आणि हिने मिळून नेलं. वाटेत दोनदा टेकवलं, ते हिच्यासाठी. शेजाऱ्यांनी कुंपणावरून विचारलं, जहाज कापायचंय का. लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

१५ नोव्हेंबर
गॉगल, हातमोजे, बूट. जय्यत तयारी. दोरी ओढली. मशीन सुरू होईना. ओढत राहिलो. शेवटी एक आवाज आला, पण तो खांद्यातून. डिफेक्टिव्ह पीस. दुकानदाराला फोन करून झापला. तो हो सर, हो सर करत राहिला. तेवढ्यात ही नवी तार बांधायला परसात आली आणि जाता जाता म्हणाली की ते लाल बटण ऑफवर आहे.

दुकानदाराला परत फोन केला नाही. त्याला आणखी त्रास कशाला?

१७ नोव्हेंबर, सकाळ
ऐतिहासिक दिवस. मशीन सुरू झालं. बुंध्याचा एक तुकडा पाडला. पातं लोण्यातून जावं तसं आरपार गेलं आणि पलीकडे दोन फूट नुसतंच हवेत फिरत राहिलं. हे जरा विचित्र वाटलं. कापलेल्या गोल तोंडावर टेप आडवी धरली. बारा इंच.

पुन्हा धरली. बाराच.

परिघावरून जाडी काढायची तर त्याला तीन पूर्णांक चौदा शतांशाने भागायचं. हे मी निवृत्त होईपर्यंत दर वर्षी फळ्यावर लिहीत होतो.

झाड पडल्यावर आकसतं असं कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं. शिवाय शिवणकामाच्या टेपचा काय भरवसा, हाही मुद्दा आहेच. घरात तूर्त बोललो नाही.

दुपार
मशीनबरोबरच्या पुस्तिकेत सांगितलंय की लाकूड जमिनीवर ठेवून कापू नका, उंच आधारावर ठेवा. ही लेस आणायला बाजारात गेली होती. हिचं कापड बेतायचं टेबल नेमकं हवं तेवढ्या उंचीचं. ओढत परसात नेलं. वर मांडीएवढी फांदी ठेवली. मशीन वजनदार असल्यामुळे कापायला जोर लावावाच लागला नाही. थांबवायला लावावा लागला असता. फांदीचे दोन तुकडे झाले. टेबलाचेही झाले.

कट मात्र अगदी सरळ आला आहे.

संध्याकाळ
ही आली. परसात गेली, बघून आली. ओरडली असती तर माझ्याकडे उत्तरं तयार होती. टेबल जुन्या सागवानाचं. शिवणाच्या पहिल्या कमाईतून तिने ते करून घेतलं होतं. आता गिऱ्हाइकाचं कापड जमिनीवर पसरून, गुडघ्यांवर रांगत बेतते आहे. मला फार वाईट वाटलं. इथे लिहून ठेवतो, कारण तिच्यासमोर तोंडून निघालं नाही.

मशीन परत घ्याल का, दुकानात विचारलं. वापरलेलं घेत नाहीत.

२० नोव्हेंबर
साडू आले. कुणी बोलावलं नव्हतं. म्हणजे मी बोलावलं नव्हतं. एका हातात चौदा इंची मशीन, दुसऱ्या हातात आमच्यासाठी बिस्किटं. चहा उकळेपर्यंत अर्धं झाड संपवलं, चहा पिऊन उरलेलं. ओंडके भिंतीशी रचूनही ठेवले. निघताना माझ्या मशीनकडे बराच वेळ बघत राहिले आणि दणकट आहे हो, म्हणाले. टोमणा होता की कौतुक ते कळलं नाही. कौतुक धरून चाललोय.

निष्कर्ष: किरकोळ कामं साडूंना द्यावीत. मोठं मशीन मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवावं.

२५ नोव्हेंबर
सासूबाई आल्या. मी स्वतः शेगडी पेटवायला बसलो. एक काड्यापेटी संपली. ओंडक्यांतून पाणी फसफसत बाहेर येत होतं. शेवटी धूर झाला, आणि तो धुराडं सोडून बाकी सगळीकडून गेला. सगळे जण परसात जाऊन उभे राहिलो. सासूबाईंच्या अंगावर त्यांची शाल, तिच्यावर हिची शाल, त्यावर माझा कोट. साडूंनी कापलेलं लाकूड, ते जळलं नाही याला मी काय करू, असं म्हणायचं होतं. पण त्या गुडघा दाबून धरून कुडकुडत होत्या.

२६ नोव्हेंबर
सकाळीच वखारीत गेलो. वाळलेलं लाकूड संपलंय. पुढच्या आठवड्यात या म्हणाले. रिकाम्या हातांनी परत आलो तेव्हा ही टेबलाचा एक पाय शेगडीत सारत होती. लगेच पेटला. दुपारपर्यंत खोली अशी तापली की सासूबाईंनी शाल काढून घडी करून ठेवली.

"लाकूड फार छान आहे हो, जावईबापू," त्या म्हणाल्या. "तुम्ही कापलंत?"

मी हिच्याकडे पाहिलं. ही शेगडीकडे बघत होती. हो म्हणालो. खोटं काहीच नव्हतं.

२८ नोव्हेंबर
टेबल संपलं. सासूबाईंनी विचारलं, तसलं लाकूड आणखी आहे का? ही म्हणाली, आहे. आणि माझ्या खुर्चीकडे पाहिलं.

ही खुर्ची शाळेने निरोपाच्या दिवशी दिली. दोन्ही बाजूंना हात, पाठीच्या फळीवर माझं नाव कोरलेलं. ही रोजनिशी मी या खुर्चीतच बसून लिहितो. खुर्ची सागवानी आहे, चांगली वाळलेली आहे, हे मला आधीच माहीत होतं. माहीत नसल्यासारखं केलं. उद्या बघू म्हणालो. सासूबाई घडी केलेली शाल उलगडून पांघरून बसल्या.

२९ नोव्हेंबर
सकाळी साडूंना फोन केला. चौदा इंची मशीन मागितलं. कशाला हवंय ते त्यांनी विचारलं नाही. हिने सांगितलं असणार.

खुर्चीच्या पायाची जाडी मोजली. या वेळी टेप आडवी धरून. दोन इंच. अधिक दोन, चार. म्हणजे साडूंचं मशीनही जास्तच मोठं आहे. हे त्यांना सांगायचं ठेवलंय.

मीच कापली. छत्तीस इंची मशीन बाजूला पडून होतं. साडूंकडून मशीन घेऊन येताना सुताराकडे हिच्यासाठी नवं टेबल सांगून आलो होतो. त्याने मापं विचारली. मी म्हटलं, ती माझ्या बायकोला विचार.

आता खोली मस्त तापली आहे. सासूबाईंनी पुन्हा शाल काढली. शेगडीत माझ्या नावाची फळी जळते आहे. मी खिडकीच्या कठड्यावर वही ठेवून हे लिहितोय, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "जावईबापू, उभ्याने काय लिहिताय? बसा की."

मी म्हणालो, उभ्याने अक्षर चांगलं येतं.